सरांच्या घड्याळाचे लॉक

आम्हा उर्दू शाळेतल्या शिक्षकांचा दिवस दोन घड्याळांवर चालतो. एक शाळेचे. ते वर्षभर हलत नाही. अकराची घंटा म्हणजे अकराची घंटा. दुसरे मशिदीतले. तिथे भिंतीवर फळा असतो, फळ्यावर पाच-सहा लहान तबकड्या असतात, आणि मुअज्जन चार-आठ दिवसांनी त्यांचे काटे हाताने सरकवतात, कारण तिथला वक्त सूर्यामागे चालतो. या दोन वेळांचा मेळ घालता घालता आमची नोकरी होते. मधल्या सुट्टीत डबाही खायचा असतो, जोहरही पढायची असते आणि पाचव्या तासाला वर्गावर उभेही राहायचे असते.

आमच्या हेडमास्तरांना हा मेळ आम्हा सर्वांपेक्षा चांगला जमला होता. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातावर एकच घड्याळ आम्ही पाहिले. एचएमटीचे, चावीचे, निकाहच्या वेळी सासऱ्यांनी दिलेले. त्या पिढीत नवऱ्या मुलाला एचएमटी देणे ही मोठी गोष्ट होती. बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने हा सरकारी कारखाना सुरू झाला आणि पुढे घराघरांत त्याची घड्याळे गेली. २०१६ साली सरकारने तो बंद करायचे ठरवले, तेव्हा सर एवढेच म्हणाले, "कारखाना बंद झाला, पण माझं चालू आहे." रोज सकाळी परिपाठाआधी ते त्याला चावी देत. शेवटच्या दोन वर्षांत मात्र ते दिवसाला दहा मिनिटे मागे पडू लागले होते.

३१ मे २०२३ रोजी सर निवृत्त होणार होते. काय द्यायचे यावर आमच्यात वाद झालाच नाही. घड्याळ, आणि असे की सरांनी स्वतः कधी घेतले नसते. आम्ही बारा शिक्षक, क्लार्क आणि शिपाईमामा यांनी वर्गणी काढली. कोकणातल्या आमच्या गावची निम्मी पोरे आखाती देशांत, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनाही निरोप गेला. कुवेतला वेल्डिंगचे काम करणाऱ्या एकाने पाच हजार रुपये पाठवले. "सरांनी माझी दहावीची फी भरली होती, हे कुणाला सांगू नका," असे त्याने फोनवर बजावले. म्हणून त्याचे नाव आम्ही इथेही सांगत नाही.

कोल्हापूरच्या एका मोठ्या दुकानातून ५८,५०० रुपयांचे स्विस घड्याळ आणले. आमच्यापैकी काहींच्या दीड महिन्याच्या पगाराएवढी ती किंमत. या घड्याळाला बॅटरी नसते. हात हलला की आतले अर्धगोल वजन फिरते आणि त्या फिरण्याने स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. काढून ठेवले तर दीड-पावणेदोन दिवसांत थांबते. विज्ञानाच्या सरांनी समारंभात हे समजावून सांगितले तेव्हा हेडमास्तर हसून म्हणाले, "म्हणजे मी रिटायर झालो तरी बसून राहू नये, असा तुमचा बेत आहे." त्या दिवशी सगळेच हसले आणि सगळ्यांचेच डोळे भरून आले.

जुलैत सर पेन्शनच्या कागदांसाठी शाळेत आले. सही करताना बाही वर गेली आणि आम्हाला दिसले की नव्या घड्याळाच्या चेनवर काळा दोरा गुंडाळला आहे. उर्दूच्या आपांनी चेष्टेत विचारले, "जनाब, तावीज बांधलात की काय?" सरांनी घाईने बाही खाली ओढली. खूप खोदून विचारल्यावर कळले. चेनचे लॉक आपोआप सुटत होते. पहिल्यांदा मशिदीच्या हौजापाशी सुटले. पाण्यात पडता पडता त्यांनी झेलले. दुसऱ्यांदा एस.टी.त, वरच्या दांडीला धरलेला असताना. त्यानंतर त्यांनी दोरा बांधला. आणि बाहेर जायचे असेल तेव्हा घड्याळ कपाटात राहू लागले. कपाटात राहिले की दोन दिवसांत बंद पडायचे.

"आम्हाला सांगितलं का नाही?" आम्ही विचारले.

"दिलेल्या चीजेची तक्रार देणाऱ्याकडे करतात का?" सर म्हणाले. "आणि कुवेतच्या त्या पोराच्या कानावर गेलं असतं तर?"

फी भरल्याची गोष्ट आम्ही सरांजवळ काढली नव्हती. पण पाच हजार कुणी पाठवले असतील हे त्यांना न सांगता कळले होते.

त्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेतले भिंग आणले आणि आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो. असले लॉक दोन पंखांचे असते. दोन्ही बाजूंनी घडी घालून मध्ये दाबले की खट्कन बसते, आणि कडेची दोन बटणे एकदम दाबली की उघडते. प्रत्येक बटणाच्या आत केसाएवढ्या तारेची स्प्रिंग असते आणि बारीक आकडा असतो. स्प्रिंग आकड्याला बाहेर ढकलते, आकडा खाचेत अडकतो, म्हणून चेन हातावर राहते. भिंगाखाली दिसले ते असे की डाव्या बाजूचा आकडा पूर्ण बाहेर येत होता, उजव्या बाजूचा अर्धाच. उजवे बटण दाबले की आतच अडकून राहायचे. म्हणजे अख्खी चेन एकाच आकड्यावर. हात थोडा वाकडा झाला की सुटणारच.

वजू करणाऱ्या माणसाला हे लॉक दिवसातून पाच वेळा उघडावे लागते. वर्षाचे हिशोबाने १,८२५ वेळा झाले. पण सरांचे घड्याळ तर आठव्या दिवशीच सुटले होते. आठ दिवसांत पोलाद झिजत नाही. दोष घडवतानाच राहिलेला होता.

बाजारपेठेत मशिदीसमोर एक वयस्कर चाचा घड्याळे दुरुस्त करतात. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, बटण दोनदा दाबले आणि म्हणाले, "पक्कडीने आकडा जरा वाकवला की दोन मिनिटांचं काम आहे. वीस रुपये होतील. पण मी करणार नाही. माझी पक्कड लागली की कंपनी म्हणेल, बाहेर उघडलंय, आता आमचा संबंध नाही. पत्ता आहे ना दुकानाचा? तिकडेच जा." वीस रुपये सोडून खरा सल्ला देणारा माणूस आजही बाजारात बसलेला आहे, हे लिहून ठेवावेसे वाटते.

आम्ही दुकानाला फोन केला. उत्तर मिळाले, "चेनला वॉरंटी नसते, फक्त मशीनला असते." पुन्हा केला. "वापरताना ओढली असेल, साहेब." मग आमच्यातच दोन तट पडले. एक म्हणाला, जाऊ द्या, भेटवस्तूवरून भांडण कसले. दुसऱ्याने मनातली गोष्ट बोलून दाखवली, "लेखी काय द्यायचं? खालचं नाव वाचूनच कागद बाजूला टाकतील." खोली थोडा वेळ गप्प झाली. हा विचार आपल्यात किती जणांच्या मनात किती वेळा येतो, हे वाचकांना सांगायला नको. बँकेत, कचेरीत, भाड्याने घर बघताना, आपले काम अडले की पहिली शंका आपल्या नावावरच जाते. कधी ती खरीही असते.

शेवटी आपा म्हणाल्या, "ही अमानत आहे. कुवेतच्या भट्टीत उभं राहून कमावलेला पैसा आहे त्यात. दोऱ्याने बांधून कसा चालेल?" त्यावर कुणी बोलले नाही. आम्ही तिघे आंबा घाटाने एस.टी.ने कोल्हापूरला गेलो.

दुकानात तेच ऐकायला मिळाले. चेनला वॉरंटी नाही, ओढली असेल. पण आमच्या शेजारी काउंटरवर सांगलीकडचे एक ऊस बागायतदार उभे होते. पांढरी टोपी, मोठे घराणे, त्यांचीही तक्रार चेनचीच. त्यांनाही त्याच माणसाने, त्याच आवाजात, तेच दोन वाक्य ऐकवले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमचे नाव त्याने वाचलेच नव्हते. तो सर्वांनाच असे परत पाठवीत होता. बागायतदार आमच्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तोंडी बोलून काही होत नाही. लेखी द्या. मीही देणार आहे."

नाव वाचून अडवणारे जगात नाहीत असे आम्ही म्हणत नाही. पण तो काउंटर त्यांतला नव्हता, आणि तिथे न जाता हे आम्हाला कळले नसते.

परतल्यावर आधी वॉरंटीची पुस्तिका वाचली. अक्षर इतके बारीक की पुन्हा प्रयोगशाळेतले भिंग काढावे लागले. मुदत दोन वर्षांची होती. ओरखडे, रोजच्या वापरातली झीज आणि अपघात यांना वॉरंटी नाही, असे लिहिले होते. चेन किंवा लॉक घडवतानाच सदोष असेल तर त्यालाही नाही, असे कुठेही लिहिलेले नव्हते. दुकानदार जे सांगत होता ते पुस्तिकेत नव्हतेच.

मग पत्र. आमच्या शाळेत मराठी हा सक्तीचा विषय. पत्रलेखन आम्ही दर वर्षी शिकवतो. मायना, विषय, मजकूर, आपला विश्वासू. मुलांनी आजवर नळाच्या पाण्याबद्दल, रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल, न आलेल्या पुस्तकांबद्दल शेकडो तक्रारपत्रे लिहिली, आम्ही ती तपासली, गुण दिले. पोस्टात त्यातले एकही गेले नाही, कारण ते परीक्षेसाठी होते. हे पत्र मात्र पोस्टात जायचे होते. कुणी म्हणाले, इंग्रजीत लिहू, वजन पडेल. आम्ही मराठीतच लिहिले. दुकान कोल्हापूरचे, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि मराठी जितकी दुकानदाराची तितकीच आमची.

पत्रात रागाचा एक शब्द ठेवला नाही. बिलाचा क्रमांक, खरेदीची तारीख, लॉक पहिल्यांदा सुटले तो दिवस, दोन्ही आकड्यांचे भिंगातून काढलेले फोटो, वॉरंटीतला नेमका परिच्छेद आणि दोन्ही फोनच्या तारखा. मागणी एकच, लॉक विनामूल्य बदलून द्यावे. मुदत पंधरा दिवस. नागरिकशास्त्राच्या सरांनी शेवटचा परिच्छेद घातला. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ग्राहक म्हणजे फक्त पैसे देणारा नव्हे. घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा माणूसही ग्राहक असतो. बिल आमच्या नावाचे, मनगट सरांचे, तरी हक्क दोघांचाही. शिवाय तक्रार स्वतःच्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे करता येते, घाट चढून जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. सल्ला हवा असेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. यातले जेवढे लागू होते तेवढे दोन ओळींत लिहिले आणि पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवले. खाली बाराही जणांची पूर्ण नावे घातली, एकही आडनाव न गाळता.

अकराव्या दिवशी दुकानातून फोन आला. आवाज तोच, बोलणे वेगळे. घड्याळ पाठवा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवतो. पाच आठवड्यांनी ते परत आले. लॉक पूर्ण नवे होते, पैसे एक रुपयाही घेतले नव्हते, आणि सोबतच्या कागदावर कारण लिहिले होते, 'बटणाची स्प्रिंग सदोष'. ओढल्याचा उल्लेख कुठेच नव्हता. तो कागद आम्ही सरांना नेऊन दाखवला, कारण घड्याळापेक्षा त्यांना त्याची गरज जास्त होती. आपल्याच हातून काही बिघडले असेल, ही टोचणी ते दोन महिने मनात घेऊन बसले होते.

सरांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी पोरांना सब्र शिकवत आलो. पण सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे, हे सांगायचं राहून गेलं. आता तुम्ही सांगा."

आम्ही ते सांगतो. दहावीच्या वर्गात तक्रारपत्राचा धडा आला की त्या पत्राची झेरॉक्स मुलांच्या हातात देतो. त्यावर पोस्टाची पावती चिकटवलेली आहे. मागल्या वर्षी एका मुलीने गावातल्या रेशन दुकानाच्या वजनकाट्याबद्दल पत्र लिहिले आणि मान खाली घालून विचारले, "सर, हे खरंच पाठवू का?" आम्ही तिच्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या, तारीख घालायला सांगितली आणि शिपाईमामांना पोस्टात पाठवले.