सोवळ्याचा पट्टा

बाटा चौकात व्हायोलेट लाईनची मेट्रो धरली की गाडी न बदलता थेट नेहरू प्लेस. फरीदाबादला मेट्रो २०१५ साली पोचली, आणि इथल्या पोरांसाठी कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा तो बाजार परसात आल्यासारखा झाला. जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही बापलेक गेलो आणि मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट अशी वरात घेऊन निघालो. तो या वरातीत सगळ्यात शेवटी सामील झाला. किंमत दीडशे रुपये. दुकानदाराने काउंटरखालच्या खोक्यातून त्याला उपसून काढलं, वरची धूळ फुंकली आणि म्हणाला, "ये तो कोई लेता नहीं, भाईसाहब. हम तो ऐसे ही लगा देते हैं." पट्ट्याने ते निमूट ऐकून घेतलं. सवयीचं असावं.

नाव मोठं: अँटीस्टॅटिक रिस्ट स्ट्रॅप. रूप अगदीच बेताचं. पायजम्याच्या इलॅस्टिकसारखी बोटभर रुंदीची निळी पट्टी, आतल्या बाजूला विणीत धातूचे बारीक धागे, मनगटाला टेकणारी एक चकती आणि तिच्यावर झबल्याला असतं तसं टिचबटण. बटणापासून जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखी वेटोळ्यांची तार निघते आणि शेवटी दातेरी चिमटा. एका टोकाने माणसाला धरायचं, दुसऱ्याने जमिनीला. यापलीकडे आयुष्यात महत्त्वाकांक्षा नाही.

मुलाने तो बांधला तेव्हा माझी आई खाटेवर रजईत बसली होती. "गंडा कुठून आणलास रे?"

"गंडा नाही गं आजी. आता मला रजई लावायची नाही. स्वेटर काढून ठेवलाय. बोर्ड कडेनेच धरायचा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावायचं नाही, आणि हा बांधल्याशिवाय त्या चंदेरी पिशवीतून काही बाहेर काढायचं नाही."

आई क्षणभर थांबली. "म्हणजे सोवळंच की."

इतकी वर्षं मी वीज या विषयावर पोट भरतो, पण एवढ्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नसतं. त्या क्षणापासून आई पट्ट्याच्या बाजूची झाली. आयुष्यभर रत्नागिरीत मुकटा नेसून तिने जे केलं, तेच नातू करतोय म्हटल्यावर खोलीत कुणाची शिरायची टाप नव्हती. फरक एवढाच, की या सोवळ्याला रेशीम चालत नाही. रेशीम, लोकर, पॉलिएस्टर ही सगळी घासली की भारित होणारी मंडळी. त्यातल्या त्यात साधा सुती सदरा बरा.

पण रत्नागिरीत हा पट्टा जन्मभर बेकार बसला असता. तिथल्या दमट हवेत प्रत्येक वस्तूवर पाण्याचा एक अदृश्य पापुद्रा असतो आणि अंगावरचा विजेचा भार साठण्याआधीच त्यावरून निसटून जातो. समुद्र साऱ्या गावाला मिळून एकच पट्टा बांधून ठेवतो म्हणा ना. फरीदाबादला समुद्र नाही. बाहेर दाट धुकं असतं खरं, त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं की हवा ओलीगच्च आहे. पण तीच ६ अंशांची हवा खोलीत घेऊन हीटरने २२ अंशांवर नेली की तिची सापेक्ष आर्द्रता शंभरावरून पस्तिशीत येते. मग रजईतून उठताना तडतड, अंधारात स्वेटर काढताना निळ्या ठिणग्या, गाडीच्या दाराला चटका. इथली मुलं याला 'करंट मारतो' म्हणतात आणि एकमेकांच्या कानाला बोट लावून हसतात.

हसण्यासारखंच आहे, जोवर समोर कान आहे. माणसाला असा चटका जाणवायलाच साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. त्याखालचं आपल्या गावीही नसतं. चिपमधल्या ट्रान्झिस्टरचा आतला पडदा मात्र काही नॅनोमीटर जाडीचा. केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास धरली तर हिशोब करा. त्या पडद्याला भोक पडायला शंभर-दोनशे व्होल्टही पुरू शकतात. म्हणजे आपण काहीही न जाणवता, प्रेमाने बोट ठेवून जीव घेऊ शकतो.

पट्ट्याच्या स्वभावातली खरी गोष्ट मात्र बाहेरून दिसत नाही. टिचबटणाजवळच्या प्लॅस्टिकच्या गाठीत एक रोधक दडलेला असतो, १० लाख ओहमचा. जमिनीशी नातं जोडायचं तर तांब्याची सरळ तार का नाही? कारण पट्ट्याला माणसाचीही काळजी आहे. चुकून दुसऱ्या हाताचा २३० व्होल्टांच्या तारेला स्पर्श झाला, तर सरळ तारेने बांधलेला माणूस विजेला आयता रस्ता ठरेल. मधला रोधक प्रवाहाला पाव मिलिअँपिअरच्याही खाली रोखतो. अंगावरचा स्थिर भार मात्र इतका इवलासा असतो, की त्याच अरुंद बोळातून तो सेकंदाच्या हजाराव्या भागात निघून जातो. जाणाऱ्याला जाऊ द्यायचं, पण धावत नाही. जुन्या घरांतल्या दारावरच्या म्हाताऱ्यांना हे बरोबर जमायचं.

त्याचा एक थोरला भाऊ मथुरा रोडवरच्या पेट्रोलपंपांवर भेटतो. टँकर रिकामा करण्याआधी त्याच्या अंगाला एक जाड चिमटा लावतात आणि तार जमिनीत जाते, कारण नळीतून वाहणारं इंधनही भार गोळा करतं आणि तिथे ठिणगी म्हणजे मस्करी नव्हे. तो भाऊ दणकट आहे. त्याला मधे रोधक लागत नाही, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस नाही. आणि एक तोतया भाऊही बाजारात आहे: 'वायरलेस' पट्टा. तार नाही, चिमटा नाही, नुसती ऐट. भार जाणार कुठे, हे त्याला विचारू नये. आईच्या गंड्याची उपमा लागू पडते ती त्याला.

आता दुकानदाराची बाजूही मांडायला हवी. नेहरू प्लेसमध्ये पोरं दिवसाला कितीतरी मशीन उघड्या हातांनी जोडतात आणि ती चालतात. आजकाल चिपच्या दाराशीच संरक्षक डायोड बसवलेले असतात, शिवाय पत्र्याच्या कॅबिनेटला वारंवार हात लागत असल्याने भार आपोआप उतरतो. गोची अशी, की जखमी झालेली चिप लगेच मरतेच असं नाही. सहा महिने नीट चालते, मग उन्हाळ्यात एके दिवशी निळा पडदा दाखवते, आणि तोवर जानेवारीतली रजई कुणाला आठवत नसते. खुनाचा पुरावा नाही, म्हणून खून होत नाहीत अशी ही समजूत आहे.

जोडणीला बसलो आणि पट्ट्याने पहिलाच प्रश्न असा टाकला की घरातले सगळे गप्प. चिमटा कशाला लावू? कॅबिनेटच्या रंग नसलेल्या उघड्या पत्र्याला लावला असता तरी काम भागलं असतं. आपण, पेटी आणि बोर्ड एका पातळीवर आले की पुरे. पण मला हुक्की आली, की खऱ्या अर्थिंगला लावू. म्हणजे एसएमपीएसची पिन सॉकेटमध्ये, सॉकेटचं बटण बंद. वरची जाडी पिन बटणाला जुमानत नाही, ती जमिनीशी जोडलेलीच राहते. जोडलेली असली, तर!

आम्ही एनआयटी पाच नंबरात तळमजल्यावर भाड्याने राहतो. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी वसवलेली ही वस्ती. कितीतरी घरं पाडून पुन्हा बांधली गेली, आमचं जुनंच राहिलं. जुन्या कॉम्प्युटरच्या पेटीला ओल्या पायांनी हात लावला की झिणझिण्या यायच्या. 'थोडं येतंच' म्हणून आम्ही सोडून द्यायचो, आणि यात विजेवर पोट भरणारा मीही आलो, हे लिहिताना लाज वाटते. अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर पेटीला जवळजवळ अर्ध्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टांच्या आसपास तरंगत ठेवतात. प्रवाह जेमतेम, पण झिणझिण्यांना पुरेसा.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडलं. हिरवी तार होती. कापून, दुमडून, भिंतीत झोपवलेली. तिला जागं करून स्क्रूखाली आवळलं आणि फेज-अर्थमध्ये शंभरचा बल्ब धरला, तर तो लाल डोळ्याने नुसता मिणमिणला. मग मागच्या बोळातला अर्थिंगचा खड्डा शोधला. कुंड्यांखाली झाकण, झाकणाखाली फनेल, आणि खाली कोळसा-मिठाचा थर वाळून खडखडीत. "पानी कब डाला था?" त्याने विचारलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चार बादल्या ओतल्या, चहा झाला, पुन्हा बल्ब धरला. या वेळी उजेड सरळ आईच्या खाटेपर्यंत गेला.

संध्याकाळी मुलाने पट्टा बांधला, चिमटा पेटीला लावला आणि रॅमची पट्टी 'टक' करून बसवली. पट्ट्याने काहीच केलं नाही. दिवा नाही, आवाज नाही, गरम होणं नाही. काम झाल्यावर मुलाने टिचबटण सोडलं, मनगटावर लाल वळ राहिला होता. आता पट्टा खिडकीच्या खिळ्याला लटकतो, आईच्या जपमाळेशेजारी.

आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की उरलेला तांब्या त्या फनेलात रिकामा करते. तांब्याभराने खड्ड्याचं काही भिजत नाही, असं मी एकदा म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून ती बादली घेऊन जाते.