भिंग की उजेड?

बारा हजार रुपये! उन्हाळ्यात दोन महिने इंटर्नशिप केली, त्यातून आईला साडी आणि रूममेटला पार्टी देऊन उरलेले. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः कमावलेले पैसे, त्यामुळे खर्च करायला हात धजत नव्हता आणि खर्च केल्याशिवाय झोपही येत नव्हती.

माझ्याकडे एक सेकंडहँड कॅमेरा आहे आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ ची किट लेन्स. मला माणसांचे फोटो काढायला आवडतात. डोंगर, सूर्यास्त, फुलपाखरं वगैरे ठीक आहे, पण माणसाचा चेहरा म्हणजे काय चीज असते! आता प्रश्न असा होता की या बारा हजारांत घ्यायचं काय? ५० एमएमची एफ १.८ लेन्स की फ्लॅश, स्टँड आणि छत्री? दोन्ही घ्यायचं तर वीस हजारांच्या वर जात होतं.

आमच्या रूमवर या विषयावर जेवढी चर्चा झाली तेवढी इंजिनिअरिंग मॅथ्सवर झाली असती तर दोघींचा एम-थ्री पहिल्या झटक्यात सुटला असता. रूममेट म्हणायची, "लेन्स घे गं, मागचं सगळं कसं ब्लर होतं, मस्त दिसतं." विंगमधली एक सीनियर ताई म्हणायची, "आधी लाइट शीक, मग पैसे उडव." मी अर्थातच लेन्सच्या बाजूची होते. लेन्स हातात धरून मिरवता येते. छत्री घेऊन कोण मिरवणार? लोक म्हणतील पाऊस तर नाही!

माझं गणितही तयार होतं. किट लेन्स झूम केली की एफ ५.६ च्या खाली येत नाही. ५.६ ला १.८ ने भागा आणि वर्ग करा. उत्तर साडेनऊच्या वर, म्हणजे लेन्स बदलली की सेन्सरवर जवळपास दहापट प्रकाश. शिवाय माझ्या छोट्या सेन्सरवर ५० एमएमची चौकट मोठ्या सेन्सरवरच्या ७५-८० एमएमसारखी येते, म्हणजे पोर्ट्रेटला एकदम फिट. अजून काय पाहिजे?

आणि तेवढ्यात मावशींचं काम आलं.

आमच्या मेसमध्ये बावीस वर्षं चपात्या लाटणाऱ्या मावशी यंदा काम सोडून गावी चालल्या आहेत. मेस कमिटीने ठरवलं की निरोपाच्या दिवशी त्यांचा एक मोठा फोटो फ्रेम करून द्यायचा. "तुझ्याकडे मोठा कॅमेरा आहे ना?" झालं, जबाबदारी माझ्या गळ्यात. मी मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "माजा फोटू? आधार कार्डावर हाय की एक." त्यांचा एकटीचा असा तेवढाच फोटो होता. लग्नातला होता तो पुरात गेला म्हणे. तेव्हा मला जरा टेन्शन आलं. म्हणजे मी काढेन तोच त्यांचा फोटो!

पहिला प्रयत्न रात्री जेवणं आटोपल्यावर केला. किट लेन्स आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा टुणकन उघडणारा फ्लॅश. कपाळ चकाकलं, डोळे लाल झाले आणि मागच्या भिंतीवर मावशींची काळीकुट्ट सावली पडली. मावशींनी स्क्रीनवर बघितलं, थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "एवडी काळी हाय व्हय मी? जरा गोरी कर की बाळा."

सांगायला लाज वाटते, पण त्या रात्री मी खरंच त्यांना गोरी केलं. कॉम्प्युटरवर चेहरा उजळवला आणि उजळवता उजळवता राखेसारखा करून टाकला. समोर कोणीतरी परकी बाई बसली होती. फाईल डिलीट केली. चूक मावशींच्या रंगाची नव्हतीच. छोटासा फ्लॅश अगदी लेन्सच्या वरून सरळ तोंडावर मारला की कपाळावर, नाकावर पांढरे डाग पडतात आणि चेहऱ्याचा उंचसखलपणा नाहीसा होतो. सावळ्या कातडीवर ते डाग जास्तच डोळ्यांत भरतात. तिला बाजूने येणारा मोठा, मऊ प्रकाश लागतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं की माझी लेन्स भिकार आहे.

म्हणून दुसऱ्या प्रयत्नाला सीनियर ताईची ५० एमएम उसनी आणली. रविवारी संध्याकाळी मेसच्या ट्यूबलाइटखाली मावशींना बसवलं. अहाहा! मागचा गॅस सिलिंडर, पिंप, भिंतीवरचं मेस बिलाचं पत्रक, सगळं लोण्यासारखं विरघळलं. रूममेट तर ओरडलीच, "बघ, सांगत होते ना!" पण फोटो मोठा करून बघितला तर एक डोळा शार्प आणि दुसरा धुरकट. एफ १.८ वर, एक मीटर अंतरावरून, जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर एवढीच जाडी नीट फोकसमध्ये येते. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर त्याहून किती जास्त आहे ते स्वतःच्या तोंडाला पट्टी लावून बघा! आणि डोक्यावरच्या ट्यूबमुळे डोळ्यांच्या खोबणीत अंधार तो अंधारच. लेन्सने सिलिंडर घालवला, पण थकवा तसाच ठेवला. दहापट प्रकाश आत घेतला खरा, पण वाईट प्रकाश दहापट घेतला.

तिसरा प्रयत्न मी केलाच नाही, मावशींनी केला. एका सुट्टीच्या दिवशी मी उशिरा नाश्त्याला गेले तर त्या भांडारातल्या पूर्वेच्या खिडकीशी ताट घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, इथेच का बसता रोज?" म्हणाल्या, "कवडसा सरला की हिथं बरं पडतंय. डोळ्यावर येत न्हाय आणि खडा बी लगेच दिसतो."

कवडसा! आम्ही कॉन्व्हेंटवाले, हा शब्द मी रूमवर येऊन विचारला. फटीतून किंवा खिडकीतून आत येणारा उन्हाचा पट्टा. साडेदहाच्या सुमारास ऊन वर चढतं, कवडसा सरतो आणि मग त्या खिडकीतून फक्त आभाळाचा उजेड आत येतो. मऊ, एका बाजूने आणि भरपूर. तांदळातला पांढरा खडा पांढऱ्या तांदळातून वेगळा दिसायचा तर प्रकाश बाजूनेच हवा, म्हणजे दाण्याचा आकार दिसतो. चेहऱ्याचंही तेच आहे. मी जे पैसे मोजून शिकणार होते ते बावीस वर्षं मेसच्या भांडारात फुकट चाललं होतं.

मी पळत जाऊन कॅमेरा आणला. किट लेन्स ५५ वर, एफ ५.६. दुसऱ्या बाजूला ड्रॉइंग बोर्डवर कोरी ए-वन शीट क्लिप लावून रूममेटच्या हातात दिली, म्हणजे अंधाऱ्या गालावर थोडा उजेड परत फेकला जाईल. (ड्रॉइंग शीटचा एवढा चांगला उपयोग माझ्याकडून फर्स्ट इयरलासुद्धा झाला नव्हता.) मावशी तांदूळ निवडतच राहिल्या. एकदा मान वर करून म्हणाल्या, "झालं का गं?" आणि तोच फोटो.

यामागचं शास्त्र साधं आहे. उजेड मऊ की कडक हे बल्ब किती भारी यावर ठरत नाही, तर बसलेल्या माणसाला तो केवढा मोठा दिसतो यावर ठरतं. खिडकी जवळ असली की केवढी मोठी! तीच दूर गेली की लहान आणि कडक. सूर्य प्रचंड मोठा असूनही इतका लांब आहे की त्याची सावली धारदार पडते. छत्री तेच काम करते, तळहाताएवढ्या फ्लॅशची ती खिडकी बनवते. आता कोणाचेही फोटो, अगदी गौतम राजाध्यक्षांनी काढलेले चेहरे बघतानासुद्धा मी आधी डोळ्यांतला पांढरा ठिपका शोधते. उजेड कुठून आणि केवढ्या मोठ्या जागेतून आला ते त्यात दिसतं.

हा वाद जुनाच आहे बरं का. १८३९ साली पॅरिसमध्ये डगेरोटाइप जाहीर झालं तेव्हा एका फोटोला मिनिटंच्या मिनिटं लागायची. पोर्ट्रेट काढायचं तर माणूस तेवढा वेळ पुतळ्यासारखा बसणार कसा? व्हिएन्नातले गणिताचे प्रोफेसर जोसेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये साधारण एफ ३.६ ची लेन्स गणिताने बांधली. आकडेमोडीला त्यांना चक्क तोफखान्यातली माणसं दिली होती! वेळ एकदम खाली आला. पण म्हणून स्टुडिओवाल्यांनी उजेडाचा नाद सोडला नाही. छपराला आणि भिंतीला काचा बसवून ते आभाळाचा उजेड आत घेतच राहिले.

मग मी काय घेतलं? मी विचारले तेव्हाचे भाव असे: मॅन्युअल फ्लॅश ५,५००, ट्रिगर ४,०००, स्टँड १,२००, पांढरी छत्री आणि ती अडकवायचा ब्रॅकेट १,१००. एकूण ११,८००. उरलेल्या दोनशेत सेल. खिडकी असताना हे कशाला, असं रूममेटने विचारलंच. पण आपण हॉस्टेलवाले मोकळे होतो रात्री नऊनंतर आणि तेव्हा खिडकीबाहेर फक्त डास असतात.

लेन्स वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. गॅदरिंगच्या नाटकात, रात्रीच्या मिरवणुकीत, जिथे उजेड आपल्या हातात नाही तिथे एफ १.८ शिवाय तरणोपाय नाही. ज्यांना तेच फोटो काढायचेत त्यांनी खुशाल लेन्स घ्यावी. पण समोर माणूस बसवून फोटो काढायचा असेल तर आधी उजेड. लेन्स ताईकडून एका दिवसासाठी उसनी मिळते, उजेड कुठून आणि कसा घ्यायचा ते उसनं मिळत नाही.

फ्रेम निरोपाच्या आधीच मावशींना दाखवली, धीर निघेना. त्यांनी ओल्या हातांनी धरली, मग हात पदराला पुसून परत धरली. गोरी कर म्हणाल्या नाहीत. हनुवटीजवळ तव्याने भाजल्याची जुनी खूण आहे, तिच्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही बी आली बग." मग बराच वेळ बघत बसल्या.

आणि शेवटी म्हणाल्या, "ह्योच बारका करून सा कॉप्या दे. बँकेत लागत्यात."

पासपोर्टला हा चालणार नाही, मान वाकडी आहे, हे समजवता समजवता माझी पुरेवाट झाली. त्यामुळे माझ्या नव्याकोऱ्या छत्रीखालचा पहिला फोटो म्हणजे मावशींचा पासपोर्ट साइज. दुसरा वॉचमन काकांचा, तिसरा भाजी चिरणाऱ्या दादांचा. आता दर रविवारी रात्री नऊला मेसच्या दाराशी रांग असते. एका फोटोचे दहा रुपये घ्यावेत असं रूममेटचं मत आहे. लेन्ससाठी!