चालत्या पोथ्या

जुनी मोटार आणि जुनी पोथी यांत एक साम्य आहे: दोन्ही आपल्या हाती येतात तेव्हा आधीच कुणीतरी वाचलेल्या असतात. पोथीच्या समासात अनोळखी हस्ताक्षर असते. मोटारीच्या क्लचमध्ये अनोळखी पायाची सवय मुरलेली असते.

तेलगावी आम्हा दोघा भावांच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशा तीन गाड्या आहेत. १९९४ची प्रीमियर पद्मिनी, १९९९ची मारुती ८०० आणि महिंद्राची डिझेल जीप. तिन्ही दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या आणि साहित्याच्या भाषेत बोलायचे तर तिन्ही अनुवादित. जीपचे मूळ अमेरिकन विलीज, मारुतीचे जपानी सुझुकी, तर पद्मिनीचे इटलीतील फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्याच्या कारखान्यात घडवली. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तिचा गिअर हाताला समजला, की मारुतीचा हलकेपणा आणि जीपचा आडदांडपणाही अधिक नेमका कळतो. संग्रहाचा आनंद संख्येत नाही, तो या तुलनेत आहे.

मात्र अलीकडे या आनंदात एक पेच शिरला आहे. आमच्या गावात साखर कारखाना आहे. हंगामात रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला असतो. आमचाही ऊस जातो आणि या गाड्या त्याच पैशातून आल्या. उसाचा रस आणि मळी यांपासून इथेनॉल होते, आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते आता २० टक्के असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. टाकी गंजते, जुन्या रबराच्या नळ्या फुगतात, चिरतात. ज्या पिकाने गाड्या दिल्या तेच त्यांना आतून पोखरते आहे. ऊस लावणाऱ्याने इथेनॉलला नावे ठेवणे शोभत नाही आणि पद्मिनीच्या कार्ब्युरेटरला हे अर्थशास्त्र समजावता येत नाही. आम्ही नळ्या बदलल्या, पेट्रोल पंपाचा पडदा बदलला, मिस्त्रीकडून जेट मोठा करून घेतला. डिझेलवरची जीप तेवढी निर्धास्त आहे.

एक गोष्ट मात्र या खटाटोपात ध्यानात आली. असे पेट्रोल अधिक नुकसान करते ते टाकीत पडून राहिल्यावर. अंबाजोगाईला दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी आहे. ती टिकवायची तर हात लावू नये. मोटारीचे याच्या उलट आहे. ती टिकवायची तर वापरली पाहिजे. म्हणून दर आठवड्याला आळीपाळीने एकेक गाडी धारूरच्या घाटात नेतो.

खर्चाचे गणित वेगळेच आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. मोटारीचे हे शुल्क २०२२ साली ६०० रुपयांवरून ५,००० झाले. वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये १०,०००. पद्मिनी आणि मारुती यांची मुदत २०२९ साली एकदमच संपेल. धाकट्या भावाचे म्हणणे, एक आत्ताच विकावी. त्याचे म्हणणे गैर नाही. घरात मुलांची शिक्षणे आहेत. कोणती विकावी, यावर मात्र त्यालाही उत्तर सुचत नाही. तूर्त या आठवड्यात घाटाची पाळी मारुतीची आहे.