अप-डाऊनवाल्यांच्या भरवशावर

थर्मामीटरवर 100.4 दिसलं की तासाभरात हॉस्पिटलात यायचं. परळच्या टाटा हॉस्पिटलात आम्हाला मिळालेली ही पहिली ताकीद. सहा वर्षांच्या धाकट्याला ल्युकेमिया असल्याचं कळून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. किमोमुळे पांढऱ्या पेशी पार तळाला जातात आणि अशा वेळी अंगावर काढलेला साधा तापही जिवावर बेततो. आमचं घर नाशिकला, गंगापूर रोडवर, आकाशवाणी टॉवरच्या मागे. घाट उतरून परळ गाठायला चांगले चार-पाच तास. डोस घेऊन घरी परतायचं म्हटलं तरी शक्य नव्हतं. काउंट पडले की वॉर्डात, सावरले की हॉस्पिटलाजवळ कुठेतरी, असं करत भर पावसात गेलेले आम्ही होळीनंतर घरी आलो.

औषधांचा प्रश्न त्यामानाने लवकर मिटला. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि हॉस्पिटलचा समाजसेवा विभाग यांनी मोठा भार उचलला. राहायचं कुठे, हे मात्र कुठल्या योजनेत बसत नाही. आणि मला आता ठामपणे वाटतं, की मुलाचा उपचार तडीस जाणार की नाही हे बरंचसं त्यावरच ठरतं. या आजारातून आज बहुतेक मुलं बरी होऊ शकतात, पण औषधं दोन-अडीच वर्षं चालतात. शेती, मजुरी, घरची बाकीची मुलं सोडून मुंबईत कोण किती दिवस काढणार? मधेच उपचार सोडून गेलेली जी कुटुंबं माझ्या ओळखीची होती, त्यांचे पैसे भाड्यात आणि रोजच्या खाण्यात संपले होते.

आम्हालाही एका खोलीच्या मालकाने आधी होकार दिला होता. धाकट्याचं केस गेलेलं डोकं पाहिलं आणि ‘बाकीचे भाडेकरू घाबरतात’ म्हणून अनामत परत केली. जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर बिहार-बंगालहून आलेली माणसं ताडपत्रीखाली राहतात, ती पाहत आम्ही रोज जात होतो. शेवटी दादर पूर्वेच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. नाशकात गोदाकाठची त्यांची धर्मशाळा मी लहानपणापासून पाहिलेली. यात्रेकरूंसाठी असते ती, एवढंच मनात. गाडगेबाबा 1956 साली गेले. खराटा घेऊन गावोगाव हिंडलेल्या त्या माणसाच्या नावावर आमच्या मुलाला छप्पर मिळालं, हे मी जन्मभर विसरणार नाही. सेंट ज्यूड इंडिया ही संस्थाही 2006 पासून कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबांना मोफत ठेवून घेते. वॉर्डातली जळगावची एक आई तिथे होती. तिथल्या स्वयंपाकघरात स्वतःच्या हाताने कळण्याची भाकरी थापायला मिळाली, तेव्हा आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले, असं ती सांगायची.

नवऱ्याचं दुकान बंद ठेवून भागणार नव्हतं. तो शनिवारी रात्री यायचा. मधल्या दिवसांत आमचं घर चाललं ते पंचवटी एक्सप्रेसवर. 1975 पासून ही गाडी नाशिककरांना मुंबईच्या नोकरीवर पोचवते आणि संध्याकाळी परत आणते. शेजारचे काका त्यातलेच, पासधारक. पहाटे सासूबाई त्यांच्या हाती पिशवी द्यायच्या. मी दादरच्या फलाटावर उभी. गाडी जेमतेम थांबायची, काका दारातूनच पिशवी पुढे करत उतरायचे. आत बिनमिठाच्या दशम्या, अजून कोमट. स्टेरॉइड सुरू असताना धाकट्याला रात्री तीनला कडकडून भूक लागायची. अंधारात त्याचा दशमी चावण्याचा आवाज आला की मला बरं वाटायचं.

एकदा प्लेटलेट्स अगदीच घसरल्या. प्लेटलेट्स पाचेक दिवसच टिकतात, त्यामुळे मोठा साठा करून ठेवता येत नाही, दाते लागत राहतात. काकांनी डब्यात नुसता विषय काढला. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत तिघे उतरले. एकाला मी पूर्वी कधी पाहिलंही नव्हतं. तो तास-दीड तास मशीनला हात लावून बसला, दंडावरची पट्टी शर्टाखाली झाकली आणि ऑफिसला निघून गेला.

इकडे सासूबाईंचं वेगळंच चाललेलं. त्या मधुमेहासाठी अंगणातली सदाफुली खायच्या, नातवालाही काढा पाठवू का विचारत होत्या. डॉक्टरांनी काढ्याला साफ नकार दिला. पण त्याच्या सलाइनमधून जाणारं व्हिंक्रिस्टीन सदाफुलीतूनच मिळालेलं आहे, हेही सांगितलं. कॅनडातले संशोधक 1950च्या दशकात ही वनस्पती मधुमेहावर चालते का ते तपासत होते. साखर काही उतरली नाही, प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या, आणि तिथून ही औषधं निघाली. हे ऐकल्यावर सासूबाईंनी कुंड्या वाढवल्या.

सगळ्यात अवघड गेलं ते थोरलीचं. बारा वर्षांची. फोनवर आधी भावाचे काउंट विचारायची, मग स्वतःचं सांगायची. एके दिवशी काउंट विचारलेच नाहीत. ‘आई, मला सुरू झालंय. शेजारच्या काकूंनी सगळं नीट समजावलं. तू येऊ नकोस.’ मी वॉर्डाबाहेर जिन्यात बसून तिच्याशी बोलत राहिले. पोट दुखतंय का, शेक घेतलास का, शाळेची बॅग कोण भरतंय. मधेच ती म्हणाली, ‘मला ताप आला असता तर तू आली असतीस ना?’ उत्तर द्यायच्या आत आतून सिस्टरची हाक आली. पुढच्या रविवारी नवरा धाकट्याजवळ थांबला आणि मी पहिल्यांदा नाशिकला गेले. संध्याकाळी आम्ही दोघीच सोमेश्वरला जाऊन आलो. धाकट्याचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही.

आता धाकट्याची रोजची गोळी घरीच चालते, तपासणीपुरतं मुंबईला जातो. काकांच्या डब्यात रक्तगटांची एक यादी तयार झाली आहे. परवा सिन्नरच्या एका बापाचा फोन आला, मुलीचं निदान आदल्याच दिवशी झालेलं. खोली कुठे बघू, हा त्याचा पहिला प्रश्न. म्हटलं, दादा, खोली बघू नका. आधी समाजसेवा विभागात जाऊन राहण्याच्या सोयीसाठी चिठ्ठी मागा, आणि मुलीचा रक्तगट मला पाठवा.