तापवणं आणि आटवणं

आयटीत नोकरी असण्याचा एक तोटा सांगू? गावी गेलं की सगळंच आपल्याला कळतं, असं वाटायला लागतं.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात. काकू रोज दहा लिटर म्हशीचं दूध आटवून खवा करते. पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी, बाभळीची लाकडं, डोळ्यांत धूर आणि वर्षभर न हटणारा खोकला. डॉक्टर म्हणाले, धूर बंद करा. डिसेंबरच्या सुट्टीत मी लगेच हिरोगिरी केली. स्वयंपाकघरातली शेगडी उचलून शेडमध्ये मांडली. "काकू, आजपासून नो धूर!"

तासाभरात दूध उकळलं. माझी कॉलर ताठ! पण दुपारची जेवणं आटोपली तरी कढई जवळपास तेवढीच भरलेली. काकू शांतपणे म्हणाली, "लेकरा, दूध तापवायचंय का आटवायचंय?"

रात्री कॅल्क्युलेटर काढला. दहा लिटर दुधाचा खवा होतो जेमतेम दोन किलो. म्हणजे आठेक लिटर पाणी वाफ करून उडवायचं. आणि एक लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळपास आठपट ते उडवायला लागते! घरच्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण दोन किलोवॉटचा, त्यातली निम्मी उष्णता कढईच्या कडेनं हवेत. उत्तर आलं, सहा तास. शिवाय घरगुती टाकी धंद्याला चालत नाही, ते वेगळंच.

मग रीतसर एकोणीस किलोची व्यावसायिक टाकी घेतली आणि आचारी वापरतात तसली मोठी गॅसभट्टी आणली. आधी ज्योत पिवळी, कढईला काजळी. हवेची झडप उघडल्यावर ती निळी झाली. पण अर्ध्या तासात पुन्हा मलूल! बघतो तर टाकीच्या अंगावर चक्क बर्फ. टाकीतल्या द्रवाचा गॅस व्हायलाही उष्णता लागते. आपण भराभर ओढला की टाकी गारठते, दाब पडतो. दुधाचंच गणित की हे! परदेशात अंगणात प्रोपेन बर्नरवर घरची बिअर बनवणारे हौशी लोकही याच गारठ्यानं वैतागतात. शेवटी माहीतगार फिटरकडून दोन टाक्या एकत्र जोडून घेतल्या. आता दीड तासात खवा तयार.

पण दोन किलो खव्यामागे किलोभर गॅस जळतो. लाकूड बांधावरचं, गॅस विकतचा. मी म्हटलं, "टाकीचे पैसे मी पाठवीन."

"नगं. तुझा पगार तुला. मी खव्याचा भाव वाढवते."

दोन गिऱ्हाइकं तुटली. बाकीची टिकली. परवा फोनवर काकू अर्धा तास बोलली. मध्ये एकदाही खोकली नाही.