व्हॅरोची चूक
इतिहास वाचताना ज्यांना मी मनसोक्त नावे ठेवली, त्यांत रोमचा कॉन्सल व्हॅरो पहिला. इ. स. पूर्व २१६ मध्ये कॅनी येथे हॅनिबलची मधली फळी मागे हटताच तो पुढे घुसला, चोहोंकडून वेढला गेला, आणि लिव्हीच्या हिशेबाने सुमारे ४८,००० रोमन एका दिवसात कापले गेले. इतके साधे का माणसाला कळू नये?

परवा पुतण्याने रिचर्ड बोर्ग यांच्या २००६ सालच्या खेळातली तीच लढाई मेजावर मांडली. षट्कोनी घरांचा पट, लाकडी ठोकळ्यांच्या पलटणी, आज्ञांचे पत्ते आणि फासे. रोम माझ्या वाट्याला आला. समोरचे गॉल घराघराने हटू लागले, फासेही मला अनुकूल पडत होते. आणि शेवट पाठ असूनही मी पुढे पुढेच गेलो! तासाभरात माझे घोडदळ नाहीसे झाले, पायदळ कोंडले गेले.

"काका, पुन्हा मांडू या?" ठोकळे उचलीत पुतण्या म्हणाला.

व्हॅरोला ती सोय नव्हती. तरी रोमला परतलेल्या त्या पराभूताचे, त्याने राष्ट्राविषयी आशा सोडली नाही म्हणून, सिनेटने आभार मानले होते. घरबसल्या न्यायनिवाडा करणाऱ्या मला एवढे औदार्य कधीच सुचले नव्हते.