ड्रायव्हरच्या मागची जागा

गाडी घ्यायची ठरली की घरात प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळी गाडी उभी राहते. आमच्याकडेही तसंच झालं. मुलाला छतातून आकाश दिसणारी काच हवी होती. धाकटीला लाल रंग हवा होता. अम्मींना पाण्याची बाटली आणि तसबीह ठेवायला हाताशी जागा हवी होती. आम्हा नवराबायकोला घाटात धाप न लागणारं इंजिन पाहिजे होतं. अब्बांनी मात्र काहीच मागितलं नाही, आणि गाडी तर मुळात त्यांच्यासाठीच घ्यायची होती.

अब्बांचं वय तेव्हा ७४. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आमचं गाव गुहागर रस्त्यावर, चिपळूणपासून ३५ किलोमीटर. फजरनंतर निघायचं, चार तास मशीनवर काढायचे आणि दुपारी परतायचं. डायलिसिसनंतर कधी त्यांचं ब्लड प्रेशर उतरतं, कधी पायात गोळे येतात. अशा वेळी आमच्या जुन्या छोट्या गाडीत बसणं म्हणजे खड्ड्यात उतरणं आणि बाहेर येणं म्हणजे विहिरीतून वर चढणं. सीट उंच असलेली गाडी हवी, एवढं त्यातूनच ठरलं. बाकी सारं ठरायला तीन महिने गेले.

फिरून फिरून दोन नावांवर येऊन थांबलो. ह्युंदाईची क्रेटा आणि किआची सेल्टोस. क्रेटा आपल्याकडे २०१५ पासून आहे. सेल्टोस २०१९ मध्ये आली, आणि किआची ती भारतातली पहिलीच गाडी. एक चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला बनते, दुसरी आंध्रातल्या पेनुकोंड्याला. पण दोन्ही कंपन्या एकाच समूहातल्या, त्यामुळे गाड्या म्हणजे सख्ख्या चुलत बहिणी. आम्ही २०२४ च्या उन्हाळ्यात पाहिल्या तेव्हा दोघींची पुढच्या-मागच्या चाकांतली लांबी सारखीच होती, २६१० मिलिमीटर. दीड लिटरचं ११५ पीएसचं पेट्रोल इंजिन दोघींतही. सामानाची जागा दोघींची ४३३ लिटर, टाकी ५० लिटरची. किंमतही दोघींची साधारण ११ लाखांपासून २० लाखांपर्यंत. लांबीत सेल्टोस जेमतेम ३५ मिलिमीटरनी जास्त होती. एवढ्यावर कुणी कुणाला डावं-उजवं कसं ठरवायचं?

सुरक्षेचंही तेच. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत सेल्टोसला २०२० मध्ये आणि क्रेटाला २०२२ मध्ये मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी तीन-तीन तारे मिळाले होते. त्या वेळी तपासलेल्या गाड्यांत दोनच एअरबॅग होत्या. आम्ही घ्यायला गेलो तोवर दोघींच्या अगदी खालच्या मॉडेलमध्येही सहा एअरबॅग आल्या होत्या, आणि मागच्या तिन्ही जागांना खांद्यावरून येणारे पट्टे होते. म्हणजे इथेही बरोबरी.

शोरूमवाले काय दाखवतात? मोठा पडदा, आवाजाच्या पेट्या, थंड हवा सोडणारी सीट. सगळं पुढच्या दोघांसाठी. मागे बसणाऱ्याला कुणी विचारत नाही. म्हणून एका शुक्रवारी जुमा झाल्यावर आम्ही अब्बांनाच बरोबर नेलं. मुलाने अम्मींच्या शिलाईच्या डब्यातली टेप खिशात घातली होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ज्यांच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे त्यांना ती उपयोगी पडेल. अब्बांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे. म्हणजे सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट. त्या हातावर जोर द्यायचा नाही, त्याने वजन उचलायचं नाही, त्यावर ब्लड प्रेशरचा पट्टाही बांधायचा नाही. आता गाडीत डाव्या बाजूला बसलं की दारावरचं हँडल डाव्या हाताशी येतं. उतरताना माणूस नकळत तेच पकडून लोंबकळतो. म्हणून अब्बांनी उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे बसायचं. तिथे हँडल उजव्या हाताला येतं. मग उतरताना दार रस्त्याच्या बाजूला उघडणार, म्हणून गाडी नेहमी हॉस्पिटलच्या आवारात आत नेऊन, उजवी बाजू पायरीकडे करून लावायची. हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

आमच्या दोघांत जो गाडी जास्त चालवतो त्याची उंची सहा फूट. त्याने ड्रायव्हरची सीट आपल्या सोयीने मागे घेतली आणि मगच अब्बांना मागे बसवलं. सीट पुढे सरकवून दाखवली तर कुठल्याही गाडीत मागे भरपूर जागा दिसते. मुलाने गुडघ्यापासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर मोजलं, जमिनीपासून सीटची उंची मोजली, दाराचा उंबरठा किती रुंद आहे तेही पाहिलं. दोन्ही गाड्यांचे आकडे त्याने वहीत लिहिले. फरक बोटा-दोन बोटांचा. विक्रेता आधी हसला, मग त्यानेच टेपचं दुसरं टोक धरलं.

शेवटी निकाल रस्त्यावर लागला. आम्ही दोन्ही गाड्या मुद्दाम खराब रस्त्यावर नेल्या, २०-२० मिनिटं. चालवायला आम्हाला सेल्टोस जास्त आवडली. वळणावर ती हाताच्या इशाऱ्यावर वळते असं वाटलं, पुढची मांडणीही मनात भरली. अब्बा दोन्ही वेळा मागे डोळे मिटून बसले होते. परतल्यावर विचारलं तर म्हणाले, "दोन्ही छानच आहेत. तुम्हाला आवडेल ती घ्या." आम्हाला हेच उत्तर येणार हे माहीत होतं. बोलला तो मुलगा. म्हणाला, "दादांनी सेल्टोसमध्ये नऊ वेळा हँडल धरलं, क्रेटामध्ये चार वेळा. मी मोजत होतो." दुसऱ्याला कदाचित उलटं जाणवेल. पण आमच्या अब्बांच्या शरीराने जे सांगितलं ते आम्हाला पुरेसं होतं. क्रेटा ठरली.

मग प्रश्न आला डिझेल की पेट्रोल. डिझेलचं कौतुक आमच्या गावात फार. आम्ही कागद घेऊन बसलो. चिपळूणची जा-ये ७० किलोमीटर, आठवड्यात दोनदा, म्हणजे वर्षाला सुमारे ७,३००. कुंभार्ली घाटाने कराडला मुलीकडे जाणं, लग्नकार्य, दवाखाने धरून एकूण ११,०००. आमच्या रस्त्यावर पेट्रोल १४ आणि डिझेल १८ चं ॲव्हरेज देईल असं धरलं. तेव्हाच्या भावाने पेट्रोलचा वर्षाचा खर्च सुमारे ८२ हजार आणि डिझेलचा ५६ हजार. वर्षाला वाचतात २६ हजार. पण डिझेल गाडी मुळात दीड लाखाने महाग, शिवाय आपल्या राज्यात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १२ टक्के तर डिझेलला १४. म्हणजे जास्तीचे पैसे वसूल व्हायला सहा वर्षांहून अधिक. डिझेल तिथेच मागे पडलं.

खरी कसोटी होती पैशांची. शोरूममध्ये कर्जाचे कागद तयारच होते. १० लाख, ९ टक्के, पाच वर्षं. हप्ता २०,७५८ रुपये. गोड बोलून सांगितलेल्या या हप्त्यांची बेरीज केली तर व्याजच जवळपास अडीच लाख होतं. व्याज द्यायचं नाही हे आमच्या घरात आधीपासून ठरलेलं आहे, त्यावर चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती त्यामुळे काय सोडावं लागेल याची.

आमच्याकडे साठवलेले नऊ लाख होते. त्यावर वर्ष उलटलं होतं, म्हणून आधी २२,५०० रुपये जकात काढली. वापरातल्या गाडीवर जकात नाही, पण गाडीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांवर आहे, हे बऱ्याच घरांत लक्षात राहत नाही. जुन्या गाडीचे पावणेतीन लाख आले. कुवेतला असलेल्या भाईजाननी तीन लाख कर्जे-हसना देऊ केलं. साडेचौदा लाखांत टॅक्स, विमा सगळं बसवायचं म्हणजे खालून दुसरं मॉडेल. त्यात सनरूफ नाही, सीटला लेदर नाही, गिअर हातानेच टाकायचे. सनरूफवाल्या मॉडेलला आणखी दोन लाखांहून जास्त लागले असते.

मुलगा त्या रात्री नीट जेवला नाही. १६ वर्षांचं वय, मित्रांत बोलणं झालेलं. आम्ही त्याला समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही. हिशेबाची वही त्याच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, "यातला कुठला आकडा कमी करायचा ते तू दाखव." बराच वेळ तो बघत राहिला. मग त्याने एक आकडा वाढवला. विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घेण्याचा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या गाड्या पाण्याखाली गेलेल्या त्याने पाहिल्या होत्या. पाणी शिरून इंजिन अडकलं तर साधा विमा बहुधा त्याचा खर्च देत नाही, हेही त्यानेच वाचून काढलं होतं. पैसे बसत होते. घेतलं.

भाईजान म्हणत होते, आपल्याआपल्यात लिहायचं कशाला. पण कुरआनमधली सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याची लिखापढी करण्याविषयीच आहे. कागद झाला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. १५ हजारांचे वीस हप्ते ठरले. सख्खी माणसं कागदाने दुरावत नाहीत, उलट ईदला फोन करताना आवाज मोकळा राहतो.

गाडी आली तेव्हा आजूबाजूच्यांनी विचारलंच. एवढी मोठी गाडी आणि वर काच नाही? ऑटोमॅटिक नाही? आता जीएसटीही उतरला आहे. आम्ही घेतली तेव्हा अशा गाड्यांवर सेससकट ४५ टक्के कर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला. थांबला असता तर बरं झालं असतं, असंही लोक म्हणतात. डायलिसिस थांबत नाही, एवढंच आमचं उत्तर असतं.

गाडी पाहायला निघालेल्यांना एकच सांगावंसं वाटतं. दोन गाड्यांत अडकलात तर घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला बरोबर न्या. तो मागेल ते ऐकू नका, कारण तो काहीच मागणार नाही. तो उतरताना कुठे हात टेकतो ते पाहा.

वीसपैकी सतरा हप्ते गेले आहेत, अलहम्दुलिल्लाह. वही मुलगाच लिहितो. डायलिसिसवरून परतताना अब्बा हल्ली शृंगारतळी येईपर्यंत झोपलेले असतात. हँडल मोकळंच असतं.